आपला मारिओ सावकाश का पळायचा?

दिवाळीत ताई माहेरी आली तेव्हा फोनवर मारिओचा जुना व्हिडिओ गेम लावून मी तो तिच्या हातात दिला. आमच्या घरात सगळ्यात आधी राणीपर्यंत पोचलेली तीच. पण पहिल्याच तपकिरी मशरूमवाल्याने तिला आऊट केलं. दुसऱ्यांदा ती खड्ड्यात गेली, तिसऱ्यांदाही तिथेच. फोन परत देत म्हणाली, "हा घाईत आहे रे. आपला असा नव्हता."

बोटं जाड झाली, चष्मा लागला, असं म्हणून मी तिला चिडवून घेतलं. मग शोधत बसलो आणि गप्प झालो, कारण ताई बरोबर होती. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या टीव्हीवर पळणारा मारिओ जपान-अमेरिकेतल्या मारिओपेक्षा खरोखरच हळू होता. हा फरक कुठून आला ते पाहायला गेलं की आपल्याकडच्या 'व्हिडिओ गेम' नावाच्या वस्तूचा सगळा इतिहासच समोर येतो.

सुरुवात जपानची. क्योटोची निन्टेंडो ही कंपनी मूळची 1889 पासून फुलांच्या चित्रांचे पत्ते छापणारी. 15 जुलै 1983 रोजी तिने 'फॅमिली कॉम्प्युटर' बाजारात आणला. लोक त्याला फॅमिकॉम म्हणू लागले. किंमत 14,800 येन, आराखडा मासायुकी उएमुरा या अभियंत्याचा. आतली रिकोह कंपनीची चिप साधारण 1.79 मेगाहर्ट्झने चालायची आणि कामाला मेमरी होती 2 किलोबाइट. घरच्या ग्रुपवर येणारा गुड मॉर्निंगचा एक फोटो ठेवायला अशी पन्नासेक यंत्रं लागतील.

त्याच वर्षी अमेरिकेत घरगुती व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला होता. कोणीही उठून टाकाऊ गेम काढत होतं आणि दुकानदार कंटाळले होते. म्हणून निन्टेंडो 1985 मध्ये तिथे उतरली ती यंत्राचं रूप बदलून आणि आत एक कुलूप घालून. यंत्रात एक चिप आणि कॅसेटमध्ये तिची जोडीदार. दोघींची ओळख पटली नाही तर गेम सुरूच होणार नाही. जपानी यंत्राला मात्र असं कुलूप नव्हतंच. तिथली कॅसेट 60 पिनांची, अमेरिकेतली 72 पिनांची. म्हणजे नक्कल करायची तर कोणाची करायची हा प्रश्नच उरला नाही.

ती नक्कल तैवानने केली. यूएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीने फॅमिकॉमच्या दोन्ही मुख्य चिपांच्या प्रतिकृती काढल्या आणि त्यांवर उभी राहिलेली यंत्रं जगभर पसरली. पुढे सगळं एकाच चिपमध्ये बसायला लागलं आणि वर काळ्या डांबरासारखा गोळा थापला की काम झालं. रशियात 1992 मध्ये ही वस्तू 'डेंडी' नावाने आली, पोलंडमध्ये 'पेगासस' नावाने. आपल्याकडे 'मीडिया' आली, 'लिटल मास्टर' आला. (हे नाव ऐकून आमचे काका दरवेळी गावसकरांचा विषय काढायचे.) मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, आणि तालुक्याच्या गावी जिथे टेपरेकॉर्डर दुरुस्त व्हायचे ते दुकान, ही विकत घ्यायची ठिकाणं. बहुतेकांना निन्टेंडो हे नाव कॅसेट लावल्यावर पडद्यावर दिसलं तर दिसलं. आपल्या लेखी यंत्राचं नाव 'व्हिडिओ गेम', हातात धरायचा तो 'रिमोट' आणि वरून खोचायची ती 'कॅसेट'.

खऱ्या, परवाना घेतलेल्या यंत्रांचं इथे काय होत होतं? 1995 मध्ये सेगाचं मेगा ड्राइव्ह भारतात आलं. आणलं कोणी, तर दारूच्या धंद्यासाठी माहीत असलेल्या शॉ वॉलेस कंपनीने. आयात करावर मात करायला हा वितरणाचा करार झाला होता, तरी किंमत 18,000 रुपये. नोकरदार घरात त्या पैशांत रंगीत टीव्ही यायचा. टीव्हीला जोडायची वस्तू टीव्हीएवढ्या किमतीची असेल तर ती कोण घेणार? तैवानच्या नकलेला मैदान मोकळं मिळालं ते असं.

आता कॅसेटकडे येऊ, कारण आपली आवडनिवड तिनेच ठरवली. '9999999 इन 1' असं लिहिलेली कॅसेट ज्याने कधीच पाहिली नाही त्याचं बालपण मला संशयास्पद वाटतं. पडद्यावर भलीमोठी यादी यायची, पण खरे गेम पाच-दहाच. पुढे तेच गेम, फक्त कुठे तिसऱ्या स्टेजपासून, कुठे जास्त लाईफ घेऊन. आमची एक कॅसेट उघडली तेव्हा आत बोटभर हिरवी पट्टी, तिच्यावर काळा गोळा आणि बाकी सगळं पोकळ निघालं. इतक्या मोठ्या डब्यात इतकी कमी वस्तू मी त्यानंतर फक्त मिठाईच्या दुकानात पाहिली.

पण त्या यादीत ठरावीकच नावं का असायची? रणगाड्यांचा बॅटल सिटी, सिंहावर बसून आगीच्या चक्रातून उडी मारायची ती सर्कस, रोड फायटर, एक्साइटबाईक, बलून फाईट, आईस क्लायंबर. हे सगळे 1984 ते 86 च्या सुमाराचे. कारण साधं होतं. फॅमिकॉमला कॅसेटमधलं 32 किलोबाइट प्रोग्राम आणि 8 किलोबाइट चित्रं एवढंच एका वेळी थेट दिसतं. त्याहून मोठा गेम हवा असेल तर कॅसेटमध्ये पानं उलटून देणारी जास्तीची चिप लागते, म्हणजे खर्च आला. सुरुवातीचे गेम त्या मर्यादेत मावणारे होते. मेनूतून एक निवडला की यंत्राला बाकीच्यांकडे पाहायचं कारणच नाही, त्यामुळे एका स्वस्त पट्टीवर दहा गेम कोंबता यायचे. 13 सप्टेंबर 1985 चा मारिओ बरोब्बर 40 किलोबाइटचा, काठोकाठ भरलेला. जागा वाचवण्यासाठी त्यात ढग आणि झुडूप एकच चित्र आहे, फक्त रंग पांढरा किंवा हिरवा. एकदा हे कळलं की पुन्हा न दिसणं अशक्य. 1988 चा कॉन्ट्रा मात्र 128 किलोबाइटचा, म्हणून तो बऱ्याचदा वेगळ्या, महागड्या कॅसेटमध्ये असायचा आणि ती कॅसेट असलेल्या मुलाला गल्लीत भाव असायचा.

आपण ज्यांना 'सगळ्या जगाचे' जुने गेम समजतो त्यांतले काही अमेरिकन माणसाला धड माहीत नसतात. बॅटल सिटी त्या यंत्रासाठी अमेरिकेत निघालाच नाही, तो फक्त जपानी फॅमिकॉमवर होता. घरी खेळायची ती सर्कसही तशीच. पण मॉस्कोत, वॉर्सात आणि मिरजेत वाढलेली तीन माणसं एकत्र बसली, तर बॅटल सिटीतला गरुड वाचवायला विटांच्या भिंती कशा बांधायच्या यावर त्यांच्या गप्पा रंगतील. उलट झेल्डा हा गेम, जो तिकडच्यांना देवासमान, तो आपल्यापैकी फार थोड्यांनी तेव्हा पाहिला. त्यात खेळ साठवून ठेवायला कॅसेटमध्ये बॅटरी लागायची आणि नक्कल करणाऱ्याला तो खर्च परवडत नव्हता. आपले गेम एका बैठकीचे. चौथ्या जगात पोचल्यावर लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. आणि 'पिक्चर ट्यूब जाईल' हे आईचं वाक्य लाईट येईपर्यंत चार वेळा ऐकायचं.

कॉन्ट्राचा उल्लेख आलाच आहे तर एक आडवळण. वर वर, खाली खाली, डावा उजवा, डावा उजवा, बी, ए. हे दाबलं की तीस लाईफ. ही किल्ली कॉन्ट्रासाठी तयार झालेली नव्हती. कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो 1986 मध्ये ग्रेडियस हा गेम घरगुती यंत्रावर आणत होते. तपासताना तो त्यांनाच फार अवघड जायला लागला, म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी हा चोरदरवाजा ठेवला आणि तो तसाच राहून गेला. 2020 च्या फेब्रुवारीत ते वारले. आपल्याकडच्या काही कॅसेटांत लाईफ वाढवून दिलेला कॉन्ट्रा मेनूतच मिळायचा, त्यामुळे आमच्यातल्या अर्ध्या मुलांना त्या किल्लीची गरजच पडली नाही.

आता वेगाचं. जपान आणि अमेरिकेचे टीव्ही एनटीएससी पद्धतीचे, सेकंदाला साधारण 60 वेळा चित्र काढणारे. भारताचे पाल पद्धतीचे, सेकंदाला 50. त्या काळच्या गेममध्ये घड्याळ असं वेगळं नव्हतं. दर चित्राला मारिओने इतकं पुढे सरकायचं, संगीताने इतकं पुढे जायचं, असा हिशेब. चित्रंच कमी निघाली की सगळं जग सहातला एक भाग हळू होतं. मारिओच्या पडद्यावरचा 'टाइम' दर 24 चित्रांनी एकने कमी होतो. 400 पासून शून्यावर यायला जपानमध्ये 2 मिनिटं 40 सेकंद लागतात, आपल्याकडे 3 मिनिटं 12 सेकंद. ताईचे ते जास्तीचे बत्तीस सेकंद.

युरोपातही टीव्ही पालच. पण तिथे निन्टेंडोचं अधिकृत यंत्र विकलं गेलं आणि मारिओची पावलं गेममध्येच वाढवून दिली होती. तैवानवाल्यांना गेम बदलण्यात रस नव्हता, त्यांना जपानी कॅसेटी जशाच्या तशा चालायला हव्या होत्या. त्यांनी यंत्रच हुशारीने बदललं. पाल चित्रात 312 ओळी असतात आणि एनटीएससीत 262. युरोपातल्या यंत्रात चिपेचा वेगच कमी केलेला होता, त्यामुळे जपानी गेमची गणितं चुकायची आणि सूरही उतरायचे. यूएमसीच्या पाल चिपांनी वेग जवळपास मूळचाच ठेवला, 1.77 मेगाहर्ट्झ. एका ओळीत जेवढं काम जपानमध्ये व्हायचं तेवढंच इथेही व्हायचं, आणि उरलेल्या पन्नास ओळी यंत्राने नुसतं थांबून राहायचं. म्हणून आपल्या मारिओचं संगीत चुकीच्या पट्टीत नव्हतं, फक्त लय विलंबित होती. नक्कल म्हणून नाकं मुरडली जातात, पण या एका गोष्टीत मला अधिकृत युरोपी यंत्रापेक्षा ती सरस वाटते.

व्हिडिओ गेम पार्लरची गोष्ट वेगळी. तिथल्या मशीनला स्वतःचा पडदा असतो, भारतीय टीव्हीशी संबंध नाही, त्यामुळे तिथला वेग जपानचाच. एसटी स्टँडजवळच्या अंधाऱ्या गाळ्यात ज्याला आपण 'मुस्तफा' म्हणायचो तो कॅपकॉमचा 1993 चा कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स. चौघांपैकी मुस्तफा कैरो सगळ्यात चपळ म्हणून सगळ्यांना तोच हवा, आणि पुढे गेमचंच नाव मुस्तफा पडलं. हा गेम मूळ एका अमेरिकन कॉमिकवरून घेतलेला. घरगुती यंत्रावर तो अधिकृतपणे कधी आलाच नाही. त्यामुळे आजही तो पुन्हा खेळायचा तर बहुतेकांना मेम हाच मार्ग. पार्लरची मशीनं संगणकावर उभी करणारा हा प्रोग्राम निकोला साल्मोरिया या इटालियन माणसाने 1997 च्या फेब्रुवारीत सुरू केला. प्रोग्राम वापरणं कायदेशीर आहे, गेमच्या फायली उतरवून घेणं बहुतेक वेळा नाही. पण विकत घ्यायला गेलं तर मिळतं काय? अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये तिथल्या जुन्या गेमची पाहणी केली, तेव्हा 87 टक्के गेम बाजारात उपलब्धच नव्हते.

घरचं जुनं यंत्र बाहेर काढायचं असेल तर जुना डब्बा टीव्ही हवा. यंत्राला जोडायची ती बंदूक तर दुसऱ्या कशावर चालणारच नाही. बदकाचा गेम चाप ओढल्यावर क्षणभर पडदा काळा करतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. बंदुकीतल्या डोळ्याला तो उजेड ठरल्या क्षणी दिसला पाहिजे. एलसीडी टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो, तोवर गेमने 'चुकलं' म्हणून कुत्रा हसवलेला असतो. आणि कॅसेटला फुंकर मारू नये, तोंडातल्या ओलीने पिना गंजतात. खरा गुण कॅसेट काढून पुन्हा नीट बसवण्याचा होता. हे मला कोणी तेव्हा सांगितलं असतं तरी मी फुंकर मारलीच असती.

वेगावर उपाय सोपा आहे, फक्त फोनऐवजी संगणक घ्यायचा. मेसेन किंवा एफसीईयूएक्ससारख्या संगणकावरच्या इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुनं यंत्र संगणकावर उभं करणाऱ्या प्रोग्राममध्ये, देश निवडायची जागा असते आणि एनटीएससी, पाल यांच्या खाली तिसरा पर्याय असतो, 'डेंडी'. रशियन नाव आहे, पण आपलं यंत्र तेच. भाऊबीजेच्या संध्याकाळी मी लॅपटॉपवर तो निवडला आणि काही न सांगता ताईला बसवलं. पहिलं जग तिने एका लाईफमध्ये काढलं. "हं, हा," एवढंच म्हणाली.

मग तिला बदकं मारायची होती. माउसने नेम धरत होती, तेव्हा मी सहज सांगून टाकलं की एकाच बदकाच्या खेळात दुसऱ्या माणसाला रिमोटने ते बदक हवं तिकडे वळवता येतं. तिने माउस खाली ठेवला.

"म्हणजे तेव्हा तू रिमोट धरून माझ्या शेजारी का बसायचास?"