नत्र धरणाऱ्या समुद्री जिवांची भाऊबंदकी कशी उलगडली

कोल्हापूरजवळ हातकणंगल्याच्या रानात सोयाबीनचं रोप उपटून मुळावरची गाठ नखानं फोडली, की आत गुलाबी रंग दिसतो. गाठ जिवंत आहे, हवेतला नत्र धरून पिकाला देते आहे, याची ती खूण. हे काम नायट्रोजिनेज नावाचं एन्झाइम करतं आणि त्याचा एक भाग निफ-एच या जनुकावरून बनतो. भर समुद्रात नत्र धरणाऱ्या सायनोबॅक्टेरियांतही हे जनुक आहे. आपल्या भातखाचरातल्या निळ्या-हिरव्या शेवाळाचे ते भाऊबंद. त्यांची घराणी लावायला पुढं हेच जनुक कामी आलं.

आधी सगळा भरवसा डोळ्यांवर होता. तांबड्या समुद्राकाठी तोर इथं 1823 मध्ये एरेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञानं लाल झालेलं पाणी पाहिलं आणि 1830 मध्ये त्यातल्या तंतूंना ट्रायकोडेस्मियम, म्हणजे केसांची जुडी, असं नाव दिलं. उन्हाळ्यात अरबी समुद्रावर लाकडाच्या भुशासारखा तवंग येतो, तो याचाच. पुढं तंतूंची जाडी आणि जुडीची ठेवण बघून जाती पडत गेल्या. चिकट वेष्टणातले सुटे तंतू दिसले म्हणून लेमरमान या शास्त्रज्ञानं 1899 मध्ये कॅटॅग्निमीन ही वेगळी प्रजातीच मांडली. ट्रायकोडेस्मियम नत्र धरतं, हे सारगासो समुद्रातल्या मोजमापांवरून 1961 मध्ये पुढं आलं.

1989 मध्ये झेर आणि मॅकरेनॉल्ड्स या संशोधकांनी पीसीआर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची पद्धत, वापरून निफ-एचचा डीएनएच्या सुमारे 359 अक्षरांचा तुकडा वेगळा काढला. माझ्या मते खरं वळण इथं आहे. नत्र धरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक जिवात हे जनुक असतं आणि ते फार सावकाश बदलतं. त्यामुळं बाटलीभर समुद्राच्या पाण्यातून कोण कोणाचा किती जवळचा, हे वाचता येऊ लागलं. जीव डोळ्यांना दिसायलाच हवा, ही अट सुटली. या शतकाच्या सुरुवातीला हेट-आर या दुसऱ्या जनुकाच्या क्रमानं कॅटॅग्निमीनलाही ट्रायकोडेस्मियमच्याच घरात आणून बसवलं.

सगळ्यात विलक्षण गोष्ट 1998 मधली. पॅसिफिकच्या पाण्यात झेर यांना निफ-एचचा असा क्रम सापडला, की त्याचा धनी कोणी पाहिलेलाच नव्हता. त्याला पुढं यूसिन-ए म्हटलं गेलं. 2008 मध्ये कळलं, की प्रकाशसंश्लेषणात ऑक्सिजन सोडणारी यंत्रणाच त्याच्यात नाही. ऑक्सिजननं नायट्रोजिनेज निकामी होतं, त्यामुळं हे उणेपण त्याच्या पथ्यावरच पडलं. मग तो जगतो कशावर? 2012 मध्ये उत्तर मिळालं: एका एकपेशीय शैवालाच्या आधारानं. ते शैवाल प्रयोगशाळेत वाढवायला जपानच्या क्योको हागिनो यांनी दहा वर्षांहून जास्त काळ घालवला, समुद्राचं पाणी आणायला तीनशेहून अधिक फेऱ्या केल्या. त्या वाढवलेल्या पेशींतच दिसलं, की शैवाल दुभंगताना यूसिन-एही सोबतच दुभंगतं आणि लागणारी बरीच प्रथिनं शैवालाकडून घेतं. 2024 मध्ये त्याला स्वतंत्र बॅक्टेरिया न मानता पेशीचंच एक अंगक, म्हणजे पेशीच्या आतला ठरावीक काम करणारा भाग, मानलं गेलं आणि नाव पडलं नायट्रोप्लास्ट.