210 कोटी वर्षांच्या विश्वातील तारकादंड

विश्वाच्या बालपणीच ताऱ्यांचा दांडा घडलेल्या ‘सीअर्स-2112’ या दीर्घिकेची बातमी 2023च्या नोव्हेंबरमध्ये आली, तेव्हापासून म्हापसा-मडगावच्या व्याख्यानांत हमखास विचारले जाते की महास्फोटाचा सिद्धांत खोटा ठरला काय. तो ठरलेला नाही. तसे मथळे रचणाऱ्यांनी मूळ शोधनिबंध उघडलेलाही नसावा.

जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांत लुका कोस्टांटिन आणि सहकाऱ्यांना ही दंडयुक्त सर्पिल दीर्घिका, म्हणजे मध्यातून ताऱ्यांचा लांबट पट्टा (दांडा) गेलेली दीर्घिका, सापडली. तिचा प्रकाश सुमारे 1170 कोटी वर्षे प्रवास करून आला आहे, म्हणजे आपल्याला दिसते ते तिचे विश्व 210 कोटी वर्षांचे असतानाचे रूप. वाटेत विश्वाच्या प्रसरणाने त्या प्रकाशाची तरंगलांबी चौपट झाल्यामुळे तिचा तांबूस प्रकाश आपल्याकडे अवरक्त होऊन पोहोचतो.

दांडा म्हणजे केंद्रात बसवलेली ताठ कांब, असे चित्र पाहून वाटते. प्रत्यक्षात तो कक्षांचा मेळ आहे. तबकडीतील तारा केंद्राभोवती फिरताना किंचित आत-बाहेर हेलकावतो. योग्य गतीने स्वतः फिरत राहणाऱ्या निरीक्षकाला त्याची कक्षा बंद लंबगोल दिसेल, आणि हा लंबगोलही सावकाश वळत असतो. त्याच्या वळण्याचा वेग, म्हणजे ताऱ्याच्या कोनीय वेगातून हेलकाव्याच्या वारंवारितेचा अर्धा भाग वजा केल्यावर उरणारी राशी, दीर्घिकेच्या अंतर्भागात बऱ्याच अंतरापर्यंत जवळपास सारखाच राहतो. त्यामुळे शेजारचे लंबगोल एकमेकांपासून लवकर निसटत नाहीत, परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाने एका रेषेत येतात, आणि तेथे दाटलेले वस्तुमान आणखी कक्षांना आपल्या दिशेला वळवते. तारे एकमेकांना न धडकता पार होतात, वायूला मात्र ते जमत नाही. दांड्यात तो आदळतो, कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) गमावतो आणि केंद्राकडे घसरून नवे तारे घडवतो.

ऑस्ट्रायकर आणि पीबल्स या खगोलशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये दाखवले होते की जिच्यातील ताऱ्यांची इतस्ततः हालचाल कमी आहे अशी तबकडी स्वतःच्याच गुरुत्वाने दंडाकार होते आणि भोवतालचे जड प्रभामंडल, म्हणजे न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचे वेष्टण, तिला सावरून धरते. आरंभीच्या तबकड्या फार विस्कळीत असाव्यात, म्हणून दांडे उशिरा घडले असतील, असा अंदाज होता. सीअर्स-2112चा दांडा सुचवतो की तिच्यात तारे आणि वायू यांचा साधा पदार्थ कृष्णद्रव्याला तेव्हाच वरचढ होऊन तबकडी स्थिरावली होती. बदलावे लागते ते दीर्घिकांच्या वाढीचे वेळापत्रक.

ही दीर्घिका हौशी दुर्बिणीच्या आवाक्याबाहेरची आहे. परंतु जेम्स डनलॉप यांनी 1826 मध्ये शोधलेली, सुमारे सहा कोटी प्रकाशवर्षांवरची एनजीसी 1365 ही दंडयुक्त दीर्घिका डिसेंबरात रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास गोव्यातून दक्षिणेला साधारण 38 अंशांवर येते. काणकोणच्या अंधाऱ्या किनाऱ्यावरून दहा इंची दुर्बीण लावल्यास तिचा दांडा फिकट पट्ट्यासारखा ओळखता येतो.