‘खिलाफती’चे मुलींना आवतण आणि शाळेची जबाबदारी : पार्श्वभूमी

29 जून 2014 रोजी इराक-सीरियातील आयसिस या दहशतवादी संघटनेने खिलाफतीची, म्हणजे खलिफाच्या इस्लामी राज्याची, घोषणा केली आणि तिच्या प्रचारात स्त्रियांना मोठे स्थान मिळाले, कारण राज्य म्हणून मिरवायचे तर सैनिकांबरोबर संसार, मुले, दवाखाने आणि शाळाही दाखवणे तिला भाग होते. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील अभ्यासकांच्या 2018 मधील मोजणीनुसार इराक-सीरियात गेलेल्या 41,490 परदेशी नागरिकांत 4,761 पर्यंत स्त्रिया होत्या.

हा प्रचार भाषेनुसार रूप बदलत असे. पाश्चात्त्य देशांतील मुलींशी समाजमाध्यमांवर इंग्रजीतून बोलणाऱ्या स्त्रिया बहिणीच्या मायेने बोलत, हिजाबवरून सोसाव्या लागणाऱ्या टोमण्यांची विचारपूस करत आणि सीरियात मानाचे घर, जिवाभावाच्या मैत्रिणी व आयुष्याला अर्थ मिळेल असे सांगत. जानेवारी 2015 मध्ये आयसिसच्या स्त्रियांच्या अल-खन्सा पथकाच्या नावाने निघालेल्या अरबी पत्रकात मात्र स्त्रीची जागा घरातच असल्याचे बजावले होते, नवव्या वर्षी मुलीचे लग्न वैध ठरवले होते आणि तिचे शिक्षण पंधराव्या वर्षी संपवले होते. त्याआधीच, ऑगस्ट 2014 मध्ये, इराकमधील सिंजारच्या, यझिदी या अल्पसंख्याक धर्माच्या स्त्रियांना गुलाम करून विकले गेले होते, आणि आयसिसच्याच ‘दाबिक’ या इंग्रजी नियतकालिकाने ऑक्टोबरमध्ये त्या गुलामगिरीचे उघड समर्थनही केले होते. म्हणजे सत्य लपलेले नव्हते. ते शोधून, ताडून पाहण्याची सवय मुलींना कोणी लावली होती का, हा खरा प्रश्न आहे.

फेब्रुवारी 2015 मध्ये पूर्व लंडनमधून सीरियाला निघून गेलेल्या तीन शाळकरी मुली अभ्यासात हुशार होत्या. त्यामुळे ‘शिकली की वाचली’ ही समजूत मला अपुरी वाटते. ब्रिटनने जुलै 2015 पासून शाळांवर मूलतत्त्ववाद रोखण्याची कायदेशीर जबाबदारी टाकली. पण आपण बोललेले वर कळवले जाईल या भीतीने विद्यार्थी गप्प होतील, असा आक्षेप तेथील अनेक शिक्षकांनी घेतला, आणि तो मला रास्त वाटतो. ऑक्टोबर 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव 2242 द्वारे मूलतत्त्ववाद रोखण्याच्या कामात स्त्रियांच्या सहभागावर भर दिला, तर 2016 मध्ये युनेस्कोने शिक्षकांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत वादग्रस्त विषयांवर वर्गात मोकळी चर्चा कशी घडवावी, हे सांगितले.

महाराष्ट्रालाही हा प्रश्न परका नाही. डिसेंबर 2015 मध्ये पुण्यातील एक अल्पवयीन मुलगी या ऑनलाइन जाळ्यात ओढली गेल्याचे दहशतवादविरोधी पथकाला आढळले, तेव्हा तिला अटक न करता कुटुंबीय आणि धर्माचे जाणकार यांच्या मदतीने तिचे समुपदेशन सुरू करण्यात आले.