झाडाला पाणी कोण घालणार?

'काही लोक आयुष्यात नुसतेच भरकटत असतात, मी मात्र त्यांतला नाही.' 'करण्यासारखं जे होतं ते सगळं करून झालंय, असं मला कधी कधी वाटतं.' 'मी आला दिवस ढकलतो, पुढचा फारसा विचार करत नाही.' ही तीन वाक्यं तुम्हाला कितपत लागू पडतात, एवढंच विचारायचं आणि उत्तरांवरून जगण्याला हेतू आहे की नाही ते ठरवायचं! वाक्यं कॅरल रिफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या प्रश्नावलीतली. इतक्या ढोबळ मोजपट्टीतून काय हाती लागणार, असं कुणालाही वाटेल. पण २०१४ मध्ये पॅट्रिक हिल आणि निकोलस टुरिआनो यांनी सहा हजारांहून अधिक अमेरिकन लोकांची उत्तरं त्यांच्या पुढच्या १४ वर्षांशी ताडून पाहिली. ज्यांना आपल्या जगण्याला हेतू आहे असं वाटत होतं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कमी निघालं. तरुणांत आणि म्हाताऱ्यांतही. जपानमधल्या ओसाकी भागात चाळीस हजारांहून अधिक लोकांना तर याबद्दल एकच प्रश्न विचारला होता. सात वर्षांनंतर तिथेही कल तोच दिसला.

आता यावर कुणीही शहाणा माणूस शंका घेईल. आजारी, थकलेला, पैशाच्या विवंचनेतला माणूस 'भरकटतोय' असंच म्हणणार ना? मग हेतू नाही म्हणून तब्येत बिघडली, की तब्येत बिघडली म्हणून हेतू हरवला? संशोधक वय, आजार, मनःस्थिती यांचा प्रभाव गणितातून वजा करतात, तरी संबंध पुरता पुसला जात नाही. पण नुसत्या निरीक्षणातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही तो नाहीच. म्हणून मला या मोठ्या आकड्यांपेक्षा छोटे प्रयोग जास्त बोलके वाटतात, जिथे माणसांच्या दिवसात मुद्दाम एखादा लहानसा बदल केला गेला.

एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी कनेक्टिकटमधल्या एका वृद्धाश्रमात असा प्रयोग केला, तो १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरच्या रहिवाशांना सांगितलं : खोली कशी लावायची ते तुम्ही ठरवा, सिनेमा कोणत्या दिवशी बघायचा ते तुम्ही ठरवा, आणि हवं असेल तर कुंडीतलं एक रोप निवडा, त्याची काळजी मात्र तुम्हीच घ्यायची. दुसऱ्या मजल्यालाही रोपं मिळाली, सिनेमाही मिळाला. फक्त रोपाला पाणी परिचारिका घालणार आणि सिनेमाचा दिवस व्यवस्थापन कळवणार. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त हिंडती-फिरती, बोलती झालेली दिसली. अठरा महिन्यांनी पाहिलं, तर पहिल्या गटातल्या ४७ पैकी ७ जण वारले होते, दुसऱ्यातल्या ४४ पैकी १३.

हे शेवटचे आकडे फार ताणू नयेत. माणसं थोडी होती, योगायोगाला वाव भरपूर होता. शिवाय फरक कशाने पडला, रोपाने की निवडीच्या मोकळीकीने, तेही वेगळं काढता येत नाही. तरी एक गोष्ट नजरेत भरते. इथे कुणालाही जीवनध्येय वगैरे सापडलेलं नव्हतं. आपण विसरलो तर सुकेल अशी एक वस्तू खिडकीत आली होती, इतकंच.

अशी जबाबदारी नवी शोधावी लागते असंही नाही. कधी कधी ती हातातल्या कामातच असते, फक्त तिचं दुसरं टोक दिसत नसतं. अॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला. कंटाळवाणं काम, आणि त्यात बहुतेक वेळा नकारच ऐकायचा. त्यातल्या काहींची, देणगीतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी जेमतेम पाच मिनिटं भेट घडवली. महिन्याभराने पाहिलं तर फोनवर घालवलेला त्यांचा वेळ दुपटीहून जास्त झाला होता, आणि जमवलेली रक्कमही. गंमत पुढेच आहे. दुसऱ्या एका गटाला त्याच विद्यार्थ्याचं पत्र वाचायला दिलं होतं. त्यांच्यात काहीच फरक पडला नाही! कंपन्यांच्या भिंतींवर लावलेल्या ध्येयवाक्यांबद्दल मला तेव्हापासून फारशी आशा उरलेली नाही.

'आपल्यासाठीच बनलेलं काम' कुठेतरी वाट बघत असेल, या समजुतीचीही तपासणी झाली आहे. पॉल ओ'कीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांच्या २०१८ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांना कृष्णविवरांवरची रंजक चित्रफीत दाखवली, मग त्याच विषयावरचा अवघड लेख दिला. आवड ही आपल्यात तयारच असते, ती फक्त शोधायची, असं मानणाऱ्यांचा उत्साह लेख वाचताच जास्त ओसरला. आवड हळूहळू घडते असं मानणारे तितके गळाठले नाहीत.

या सगळ्याला एक काळी बाजू आहे. १९७६ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रिचर्ड शुल्झ यांनी वृद्धांच्या एका निवासात विद्यार्थ्यांना नियमित भेटीला पाठवलं होतं. ज्यांना भेट कधी आणि किती वेळ हे स्वतः ठरवता येत होतं, किंवा निदान ती आधी ठाऊक असे, त्यांची प्रकृती आणि उमेद सुधारली. मग अभ्यास संपला, भेटी थांबल्या. पुढच्या काही वर्षांत शुल्झ यांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा तीच सुधारलेली माणसं खालावलेली होती, आणि ज्यांच्याकडे कधी कुणी फिरकलंच नव्हतं त्यांची तशी घसरण झालेली नव्हती. निवृत्त किंवा एकट्या माणसांसाठी चार-सहा महिन्यांचे उपक्रम आखणाऱ्यांनी हा निकाल आधी वाचावा आणि शेवटच्या दिवसानंतर ते काम कुणाकडे राहणार, हे पहिल्याच बैठकीत ठरवावं.