‘साक्ष’ कुठून आली? रोजच्या जगण्यात प्रभूचा धडा शोधण्यामागचा इतिहास

भायखळ्याला, परळला किंवा कुर्ल्याला एखाद्या मराठी ख्रिस्ती घरात घरसभेला बसलात, तर गीत आणि शास्त्रवाचन झालं की पाळक विचारतात, “कुणाला साक्ष द्यायची आहे का?” थोडा वेळ कुणीच बोलत नाही. मग भिंतीला टेकून बसलेल्या एखाद्या मावशी सुरू करतात. भर स्वयंपाकात सिलिंडर संपला आणि शेजारणीने न मागता आपला आणून दिला, इथून गोष्ट सुरू होते. बोलता बोलता मावशी बायबलमधल्या विधवेच्या न आटणाऱ्या तेलाच्या कुपीपर्यंत पोहोचतात आणि खोलीतली माणसं हळूच “आमेन” म्हणतात.

बाहेरच्या माणसाला हा मिशनच्या छापील पुस्तिकांचा परिणाम वाटू शकतो. पुस्तिकांचा वाटा आहेच. पण रोजच्या प्रसंगात प्रभूचा धडा शोधायची ही सवय त्याहून फार जुनी आहे, आणि मराठीत ती रुजली ती इथल्या जात्यावर आणि कीर्तनात.

मुळाशी अर्थात येशूच आहे. त्याने शिकवलं ते दाखल्यांतून, आणि त्याच्या दाखल्यांत राजेरजवाडे कमी, घरातल्या आणि शेतातल्या वस्तू जास्त. मोहरीचा दाणा, पेरणारा, हरवलेलं नाणं शोधायला दिवा लावून घर झाडणारी बाई. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात एका पाठोपाठ असे सात दाखले आहेत. त्यातला जाळ्याचा दाखला वर्सोव्याच्या किंवा गोराईच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. मूळ ग्रीकमध्ये तिथे किनाऱ्याकडे ओढत आणायच्या मोठ्या जाळ्याचा शब्द आहे, म्हणजे जवळजवळ आपली कोकणातली रापण. मुंबईच्या किनाऱ्यावर डोल जास्त. ती प्रवाहाच्या तोंडाशी बांधून ठेवतात आणि भरती-ओहोटीचं पाणी जे आणील ते तिच्यात येतं: बोंबील, जवळा, करंदी, मांदेली, सोबत कचराही. जाळं निवड करत नाही. निवडायचं काम नंतर, किनाऱ्यावर बसून. येशूच्या दाखल्यातही माणसं जाळं ओढून घेतात, खाली बसतात आणि मग चांगलं भांड्यात भरतात. निवडणारे देवदूत आहेत, असं तो पुढे स्पष्ट सांगतो. समुद्रात असतानाच एकमेकांना निवडायला निघालेल्या आपल्यासारख्यांना हा दाखला वारंवार ऐकायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

खमिराचंही तसंच. ‘खमीर’ हा शब्द शास्त्रातला म्हणून दूरचा वाटतो, पण रात्री इडलीचं पीठ झाकून ठेवणाऱ्या कुठल्याही घरात तो घडत असतो. मुंबईच्या ईस्ट इंडियन कॅथलिक घरांत लग्नाच्या फुग्यांचं, म्हणजे तळलेल्या गोल पावांचं, पीठ पूर्वी ताडी घालून आंबवत. दाखल्यातली बाई तीन मापं पिठात खमीर ‘लपवते’. तीन मापं म्हणजे एका घराचं पीठ नव्हे, पंगतीचं. एवढं सगळं फुगवणारी गोष्ट दिसत मात्र नाही.

डोंगरावरच्या प्रवचनात तो पाखरांविषयी आणि रानफुलांविषयी बोलतो. मराठी बायबलमध्ये पाखरांकडे ‘निरखून पाहा’ असं आहे आणि रानातली भूकमळं कशी वाढतात ते ‘लक्षात आणा’ असं. अर्थ काढायच्या आधी निरखायला सांगितलं आहे. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुढच्या काळात चुका झाल्या त्या बहुतेक हा क्रम उलटल्यामुळे.

युरोपात मधल्या शतकांत काय झालं ते थोडक्यात सांगतो. सोळाव्या शतकात येशूसंघाचे (जेझुइट संघाचे) संस्थापक इग्नेशियस यांनी सगळ्या गोष्टींत देव शोधण्याचा आणि दिवसअखेर त्या दिवसाची उजळणी करण्याचा परिपाठ घालून दिला. त्याच शतकातल्या आविलाच्या तेरेजाने आपल्या मठातल्या भगिनींना सांगितलं की स्वयंपाकघरातल्या भांड्याकुंड्यांतही प्रभू वावरतो. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा आचारी तव्यावरचं ऑम्लेट उलटतानाही देवाच्या सान्निध्यात राहायला शिकला. १७३१ साली जर्मनीतल्या मोरावियन मंडळीने वर्षभराच्या रोजच्या वचनांचं पहिलं पुस्तक छापलं. आज सकाळी फोनवर वचन आणि त्याखाली चार ओळींचं मनन येतं, त्याचं मूळ तिथपर्यंत नेता येतं.

हे सगळं मराठीत आलं तेव्हा इथली जमीन आधीच नांगरलेली होती. जनाबाई दळता-कांडता अनंताला गात होती. सावता माळ्याला कांदा, मुळा, भाजी हीच विठाई दिसत होती. देव देवळात जितका आहे तितकाच मळ्यात आणि जात्यावर आहे, हे मराठी माणसाला मिशनऱ्याने येऊन सांगायची गरज नव्हती. ज्यांना हे उमगलं, त्यांचं मराठी ख्रिस्ती लेखन टिकलं.

पहिलं नाव फादर थॉमस स्टीफन्स यांचं. हा इंग्रज येशूसंघी १५७९ मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला आणि १६१६ मध्ये तिथल्याच राचोलला त्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापून निघालं. लिपी रोमन, भाषा मराठी, आणि छंद ओवीचा. सुमारे ११ हजार ओव्या. हरळांमध्ये, म्हणजे खड्यांमध्ये, रत्नकिळा शोभावी तशी भाषांमध्ये मराठी, असं म्हणणारा हा परका माणूस ख्रिस्ताची कथा सांगायला जात्यावरचा छंद निवडतो. त्या निवडीतच अर्धं काम झालं.

मुंबईत अमेरिकन मिशनचे पहिले लोक १८१३ च्या फेब्रुवारीत उतरले. १८२६ मध्ये मराठी नवा करार मुंबईतच छापून झाला. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ ही ओळ आली. यातला ‘भाकर’ हा शब्द मला अतिशय मोलाचा वाटतो. भाकर हा शब्द आला की चूल येते, पीठ मळणारे हात येतात, आणि गिरणगावातल्या खोलीत रात्रपाळीवरून येणाऱ्यासाठी झाकून ठेवलेलं ताटही येतं. १८४२ मध्ये अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक सुरू झालं. त्याच नगर भागात कृष्णाराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवलं. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान आणि मध्ये श्रोत्यांच्या घरातला एखादा दृष्टांत, हा कीर्तनाचा साचा. आजची साक्ष त्याच साच्यातून येते, फक्त वीणा आणि टाळ नाहीत.

मग नारायण वामन टिळक. त्यांच्या आयुष्याला वळण लागलं ते रेल्वेच्या डब्यात. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना एका गोऱ्या सहप्रवाशाशी कवितेवरून, धर्मावरून गप्पा झाल्या आणि उतरताना त्याने नव्या कराराची प्रत हातात ठेवली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. ख्रिस्तापर्यंत आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, असं ते म्हणत. त्यामुळे त्यांनी गीतं लिहिली ती अभंगात. शिकाऱ्याने मारलेल्या पक्षिणीवर कविता लिहिणाऱ्या या कवीला निरखणं कुणी शिकवावं लागलं नाही.

तरीही या विषयात माझ्या लेखी टिळकांपेक्षा मोठ्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर त्यांच्यावर कोसळलेलं दुःख, ताटातूट, पुन्हा एकत्र राहणं, आणि मग १९०० मध्ये स्वतःचा बाप्तिस्मा, हा सगळा प्रवास ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे. १९३४ पासून ती भागांनी प्रसिद्ध झाली. त्यात सिद्धान्त फार कमी. सोवळं-ओवळं गळून पडलं ते कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, कुणाच्या पंगतीला बसायचं अशा रोजच्या प्रश्नांतून. आपल्याला काय दिसलं तेवढं त्या सांगतात आणि थांबतात. धडा वाचणाऱ्याने घ्यायचा. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पुढे नेऊन त्याचे बहुसंख्य अध्याय लिहिले तेही याच बाईने, जिला शाळा अशी मिळालीच नव्हती.

मुंबईच्या कॅथलिक गावठाणांत हीच गोष्ट लिहिण्याऐवजी करण्यातून दिसते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आगेऱ्याला, म्हणजे सुगीच्या सणाला, भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात. गोराई-मनोरीकडे अजून शेत आहे. इतर ठिकाणी शेतं इमारतींखाली गेली, तरी लोंबी आणून सण होतो. वांद्र्याला मोत माउलीच्या (माउंट मेरीच्या) जत्रेत सप्टेंबरमध्ये मेणाचे हात, पाय, बाळं, घरं वाहिली जातात, आणि वाहणाऱ्यांत सगळ्या धर्मांची माणसं असतात. जुन्या गल्ल्यांच्या तोंडाशी क्रूस उभे दिसतात. त्यातले कित्येक १८९६ च्या प्लेगच्या दिवसांत लोकांनी उभारले. घराघरातून प्रेतं निघत असताना माणसं रोजच्या वाटेवरच, उघड्यावर, प्रार्थनेला उभी राहिली.

इथेच या सवयीची अवघड बाजू येते. संकटातून धडा काढायचा म्हटलं की माणूस पहिला धडा दुसऱ्याच्या पापाचा काढतो. प्लेगच्या वेळी हे झालं, करोनाच्या वेळीही झालं. येशूसमोर हा प्रश्न थेट आला होता. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली. ती इतरांहून जास्त अपराधी होती का? लूकच्या तेराव्या अध्यायात तो ठामपणे ‘नाही’ म्हणतो आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला सांगतो. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप याचं की याच्या आईबापांचं? तिथेही तो दोन्ही नाकारतो. साक्ष देणाऱ्या प्रत्येकाने हे दोन उतारे आधी वाचावेत. आपल्या दुःखातून धडा घ्यायचा हक्क आपला. दुसऱ्याच्या दुःखावर धडा चिकटवायचा हक्क कुणालाच नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. माझी आई तेव्हा कामावरून परतताना कुर्ल्यात अडकली. कमरेइतक्या पाण्यातून एका चाळीच्या जिन्यापर्यंत पोहोचली, आणि पहिल्या मजल्यावरच्या एका मुस्लिम कुटुंबाने तिला रात्रभर ठेवून घेतलं. पुढच्या घरसभेत बरेच जण त्या पावसाचा अर्थ सांगत होते. कुणी शेवटच्या दिवसांची चिन्हं म्हणालं, कुणी शहराची शिक्षा. आईची पाळी आली तेव्हा तिने मत्तयाचा पंचविसावा अध्याय उघडला, ‘उघडा होतो तेव्हा तुम्ही मला वस्त्र दिले’ एवढी ओळ वाचली आणि म्हणाली, “त्यांनी मला कोरडी साडी दिली. घरात दोनच कोरड्या होत्या.” मग ती बसली. पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर ती साडी धुऊन, इस्त्री करून परत द्यायला आम्ही भावंडं तिच्याबरोबर कुर्ल्याला गेलो.