मराठी कथा : आस्वाद आणि आश्रय

मराठीत कथेचा वाचक पुस्तकांपेक्षा नियतकालिकांनी घडवला. कादंबरी वाचनालयातून घरी आणायची आणि कथा मासिकात गाठायची, अशी वाटणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पडली. ती बऱ्याच अंशी अजून टिकून आहे. म्हणून मराठी कथेला कोणी पोसले हे पाहायचे तर संपादक, वाचनालये आणि दिवाळी अंक यांच्याकडे वळावे लागते. पुरस्कारांच्या याद्या चाळून फार काही हाती लागत नाही.

या प्रकाराची नावेही नियतकालिकांनीच दिली. हरि नारायण आपटे यांच्या ‘करमणूक’मध्ये (१८९०) क्रमशः चालणाऱ्या कादंबरीच्या शेजारी ‘स्फुट गोष्टी’ येत. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’च्या (१८९५) काळात ‘संपूर्ण गोष्ट’ रूढ झाली. या नावातच जाहिरात आहे: ही एका बैठकीत संपेल, पुढच्या अंकासाठी ताटकळावे लागणार नाही. फडके-खांडेकरांच्या काळात ‘लघुकथा’ आली, मग घटनेपेक्षा माणसाच्या मनाकडे पाहणारी ‘नवकथा’, आणि आता नुसती ‘कथा’. (हिंदीत ‘लघुकथा’ म्हणजे अगदी पानभराची गोष्ट, अनुवाद वाचताना हा फरक ध्यानात ठेवलेला बरा.)

‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंक काढला आणि कथेला वर्षातून एकदा हमखास मिळणारे घर झाले. दरवर्षी निघणाऱ्या शेकडो अंकांत कथा नसलेला अंक शोधावा लागतो. या व्यवस्थेचे गणित मात्र उलटे आहे: अंक वाचकाच्या पैशावर कमी आणि जाहिरातींवर जास्त चालतो. उन्हाळ्यातच संपादकांचे फोन सुरू होतात, पावसाळ्यात मजकूर जुळवला जातो आणि नाव असलेल्या लेखकाकडे एकाच हंगामात चार-पाच कथांची मागणी असते. त्यात काही कथा मागणीबरहुकूम पाडल्या जातात हे खरे. पण याच घाईतून मराठीतल्या अनेक उत्तम कथाही बाहेर पडल्या, हेही खरे. वाचनालये दिवाळीनंतर ठरावीक वर्गणीत दोन-तीन महिने अंक बदलून देण्याची योजना चालवतात. खाकी कव्हर घातलेला, पाठीवर शिवण मारलेला आणि आतल्या एखाद्या कथेच्या शीर्षकाशेजारी कुणीतरी पेन्सिलीने ‘वाचा’ असे लिहिलेला अंक हाती येतो. समीक्षेचा इतका छोटा आणि इतका उपयोगी नमुना दुसरा नसावा.

संपादकाने कथेला दिलेल्या आश्रयाचे मोठे उदाहरण म्हणजे ‘सत्यकथा’. १९३३ साली सुरू झालेले हे मासिक श्री. पु. भागवत आणि पुढे राम पटवर्धन यांच्या काळात नवकथेचे माहेरघर बनले. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथा इथे वाचल्या गेल्या आणि त्यांवर वादही झाले. आलेल्या कथेवर सविस्तर पत्र लिहायचे, दुबळी जागा दाखवायची, पुन्हा लिहायला लावायचे, अशी तिथली रीत होती. नकार साभार असे, पण कारणासकट. हा काटेकोरपणा सगळ्यांना मानवला नाही. १९६९ मध्ये लघुअनियतकालिकांच्या, म्हणजे प्रस्थापित मासिकांबाहेर अनियमितपणे निघणाऱ्या छोट्या अंकांच्या, चळवळीतल्या तरुणांनी ‘सत्यकथा’चा अंक जाळला, दलित आणि ग्रामीण अनुभवाला तिथल्या अभिरुचीत पुरेशी जागा नव्हती, हा आक्षेपही खोटा म्हणता येत नाही. दलित कथाकार बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ चा. त्याने कथेच्या आस्वादाची मोजपट्टीच बदलली. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडले आणि कथेवर इतका वेळ खर्च करणारे कार्यालय मराठीत राहिले नाही.

कथेला श्रोते मिळवून दिले ते कथाकथनाने. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी गावोगावी कथा सांगितल्या. व्यासपीठावर खुर्ची, टेबल आणि पाण्याचा तांब्या, नेपथ्य एवढेच. मात्र टाळ्या घेणारी कथा वेगळी आणि एकट्याने वाचायची कथा वेगळी. जी. ए. कुलकर्णी यांची प्रतिमांनी जडावलेली कथा सभागृहात सांगून पेलणार नाही. तिला सावकाश, मागे जाऊन वाचणारा माणूस लागतो.

मानसन्मानात कथा अगदीच मागे नाही. गाडगीळ (१९८१), माडगूळकर (१९८३), पाटील (१९८५), मिरासदार (१९९८) आणि अलीकडे भारत सासणे (२०२२) हे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. जी.एं.च्या ‘काजळमाया’ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला; पुस्तकाच्या प्रकाशन-दिनांकावरून वाद उठल्यावर त्यांनी तो परत केला. पुढे जयंत पवार (२०१२) आणि आसाराम लोमटे (२०१६) यांच्या कथासंग्रहांना तो मिळाला. समीक्षेत मात्र कथेकडे कादंबरीची धाकटी बहीण म्हणून पाहण्याची खोड जुनी आहे. भालचंद्र नेमाडे यांनी तर तिला उघडच कमी लेखले. त्याला आधार काय, तर बहुधा लांबी.

आज ‘अलक’ म्हणजे अतिलघुकथा मोबाइलवर फिरते, बहुतेकदा लेखकाचे नाव गाळून. नाव गाळले की लेखकाला ना मानधन मिळते, ना वाचकाचे पत्र. संग्रह छापताना प्रकाशक कां-कूं करतात, कारण कादंबरी त्यामानाने बरी खपते. परिणामी पुष्कळ कथा अंकातून संग्रहात येतच नाहीत. मार्च उजाडला की अंक रद्दीत जातात आणि कथा उरते ती एखाद्या जुन्या वाचनालयाच्या बांधीव खंडात. तिथे पान पिवळे पडलेले असते, कडा हाताला लागताच तुटते, आणि कथा ऐन रंगात आल्यावर खाली छापलेले दिसते: ‘पान १८७ वर पाहा’. ते पान खंडात असेलच असे नाही.