बाजारभाव एकाचा, मेळ पाचांचा

४ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या डोममध्ये एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, भारतातला पहिला सामना झाला. हंगामपूर्व सामना, प्रेक्षकांत शाळकरी मुलंच मुलं. इंडियाना पेसर्सकडून डोमांटास सबोनिस खेळला, सॅक्रामेंटो किंग्जकडून डीआरॉन फॉक्स. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. पुढे ८ फेब्रुवारी २०२२ रोजी याच दोन संघांनी जो ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, केला, त्याचा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही. किंग्जनी टायरीज हॅलिबर्टन दिला आणि सबोनिस घेतला. इतरही काही खेळाडू इकडचे तिकडे झाले, पण मुख्य सौदा हाच.

हॅलिबर्टन तेव्हा २१ वर्षांचा होता. ड्राफ्टमधल्या, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेतल्या, पहिल्या फेरीतून आलेल्या खेळाडूचा पगार पहिली चार वर्षं ठरीव तक्त्याप्रमाणे असतो. त्याचं ते दुसरंच वर्ष. वय कमी, पगार कमी, खेळ चढता, म्हणजे बाजारभाव प्रचंड.

मग त्याला का सोडलं? चेंडू एक आणि तो बास्केटकडे मारायला सेकंद २४. फॉक्स आणि हॅलिबर्टन दोघेही चेंडू हातात ठेवून डाव रचणारे. एक रचायला लागला की दुसरा कोपऱ्यात उभा. हॅलिबर्टनचा लांबून नेम उत्तम, त्यामुळे तिथेही तो वाया जात नसे. पण त्याचं खरं कसब पासिंगचं, आणि ते निम्मा वेळ बंद राहायचं.

असा मेळ आकड्यांत पकडणं फार कठीण आहे. संघातल्या १५ जणांतून पाच निवडायचे ३००३ प्रकार होतात. हंगामात सामने ८२, प्रत्येकी ४८ मिनिटं, म्हणजे ३९३६ मिनिटं. समान वाटली तर एका लाइनअपच्या, म्हणजे पाच जणांच्या एका जुळणीच्या, वाट्याला सव्वा-दीड मिनिट! म्हणून संख्याशास्त्रज्ञ कोणत्या वेळी कोणते दहा जण मैदानात होते ते समीकरणात घालून गुणांच्या फरकातले सगळ्यांचे वाटे एकदम सोडवतात. दोघं कायम बरोबरच खेळले, तर श्रेय कोणाचं हे गणिताला कळत नाही. तेव्हा पुरावा तोकडा असेल तिथला आकडा मुद्दाम शून्याकडे ओढतात. या पद्धतीला रिज रिग्रेशन म्हणतात. तरीही हाती येतो तो एकेकट्याचा वाटा. कोणाचं कोणाशी जमतं, हे शोधायला विदा आणखी अपुरी पडते.

सॅक्रामेंटोत ते डोळ्यांना दिसलं. सबोनिस चेंडू घेऊन बास्केटकडे पाठ करून उभा राहायचा. किंग्जचाच केविन ह्यूर्टर त्याला खेटून धावत यायचा आणि त्याच्या हातातून चेंडू उचलायचा. मागून येणारा बचावपटू सबोनिसच्या धिप्पाड अंगावर आदळायचा, तोवर ह्यूर्टर मोकळा. २०२२-२३ मध्ये किंग्जनी ४८ सामने जिंकले आणि १६ हंगामांनंतर प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, गाठली.

इंडियानात हॅलिबर्टनच्या हाती सगळा डाव आला. पेसर्स २०२५ च्या अंतिम फेरीत सातव्या सामन्यापर्यंत लढले. त्याच वर्षी फेब्रुवारीत किंग्जनी फॉक्सलाही दुसरीकडे धाडलं होतं.

किंग्जचं निदान बरोबर होतं असं मला वाटतं. डाव रचणाऱ्या दोन गार्डांतला एक कमी करायलाच हवा होता. चुकली ती निवड, ठेवायचा होता तो धाकटा, हॅलिबर्टन. कारण मेळ जमवणारा साथीदार बाहेरून स्वस्तात मिळतो: ह्यूर्टरला अटलांटाहून आणायला त्यांना दोन खेळाडू आणि पुढच्या एका ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची एक निवड एवढंच द्यावं लागलं होतं.